डेलियाची अकरा मिनिटं

ब्वेनोस आयरेस
३ नोव्हेंबर १९८६

प्रिय एलिदामावशी,

शूटिंग संपून तीन आठवडे झाले, आणि तेव्हापासून मी एका माणसाशी नऊ मिनिटांवरून भांडतेय. माणूस तुझ्या ओळखीचा आहे: ओलासाबाल. ज्या लॅबमध्ये तू तीस वर्षं सिनेमांचं संकलन केलंस, तिचा तो आता मालक झालाय, आणि माझ्या सिनेमाचा निर्माताही तोच. तू नाक मुरडशील. पण पहिला सिनेमा, तोही बाईचा, त्याला दुसरं कोण हात लावणार होतं? लष्कराची राजवट जाऊन तीन वर्षं झाली. आता त्या दिवसांवरचे सिनेमे चालतात, म्हणून ओलासाबाललाही एकाएकी लोकशाहीचा पुळका आलाय.

गोष्ट तुझीच आहे. नाताळच्या जेवणात तू सांगितलेली. सत्त्याहत्तर साल, तुझी एक मैत्रीण टेलिफोन ऑपरेटर. दुपारी साडेबाराला तिच्या कानावर एक फोन पडतो: गावातल्या मास्तरांना आज संध्याकाळी सहाला घरातून उचलायचं. ती वेळेत पोचते आणि मास्तर निसटतात. माझ्या ऑपरेटरचं नाव डेलिया. साडेबारा ते सहा, एवढाच सिनेमा.

भांडण कशावरून, तर फोन ऐकून डेलिया घरी येते, तिथे. अंथरुणाला खिळलेल्या बापाला भरवते, बटाटे सोलते, मोज्याला टाके घालते. नऊ मिनिटं, एक शब्द नाही. ओलासाबाल म्हणतो, "बाई, लोक तिकीट काढून मोजे शिवलेले बघायला येत नाहीत. दीड मिनिट ठेवा, बाकी उडवा. रहस्यपट आहे हा, शिवणाचा क्लास नाही." मी म्हटलं, ही बाई कोण आहे तेच कळलं नाही, तर तिच्यासाठी जीव टांगणीला कोणाचा लागेल? तर म्हणतो, "जीव टांगायला ओळख लागत नाही. घड्याळ लागतं."

सोबत कॅसेट पाठवतेय. कोणाकडे व्हिडिओ असेल तर बघ आणि मला खरं सांग. तुझ्याइतकी तीक्ष्ण नजर या शहरात कोणाची नाही.

तुझी,
नोएमी

---

ग्वालेग्वाइचू
१७ नोव्हेंबर १९८६

नोएमी पोरी,

औषधवाल्या तोर्रेसकडे व्हिडिओ आहे. दुकान बंद करून त्याने मला दोनदा दाखवला सिनेमा. त्याची बायको फोनच्या प्रसंगात माझा हात धरून बसली होती. मोजा आला तसा तिने हात सोडला आणि गॅसवरचं बघायला उठली. परत आली तेव्हा म्हणाली, "काही झालं का?" मी म्हटलं, "नाही." यात सगळं आलं.

काप. दीड मिनिट पुष्कळ आहे.

तुला राग येईल, म्हणून कारण देते. दोष लांबीचा नाही. तुझी डेलिया फोन ऐकते आणि त्याच क्षणी तिचं ठरतं. ती जाणार, हे आम्हाला पहिल्या मिनिटाला कळतं. मग नऊ मिनिटांत आम्ही काय शोधायचं? बटाटे? तू तिला संत केलंस. संत बघायला लोक चर्चमध्ये जातात, तेही रविवारी, आणि तिथेही पेंगतात.

आणि हे नीट वाच. ओलासाबालशी भांडू नकोस. तो म्हणेल ते ऐक, सिनेमा हातात घे आणि मोकळी हो. तो माणूस काही विसरत नाही.

इथे उकाडा सुरू झालाय. नदीवर डास इतके, की माते चहाचा घोट घ्यायचा तर आधी फुंकर मारावी लागते.

मावशी

---

ब्वेनोस आयरेस
२९ नोव्हेंबर १९८६

मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी दार आपटलं. मग स्टुडिओत जाऊन तू सांगितलंस तसं केलं. दीड मिनिट. सिनेमा काय पळतो म्हणून सांगू! ओलासाबालने टाळ्या वाजवल्या. मी मात्र रडायच्या बेतात होते. माझी डेलिया गेली, तिच्या जागी पाय फुटलेलं घड्याळ धावत होतं. मी ती नऊ मिनिटं परत जोडली.

त्याच्याशी भांडू नको म्हणतेस? मावशी, राग मानू नकोस, पण तुला सवय झाली आहे. सेन्सॉरवाले म्हणाले, "इथे काप," तू कापलंस. लष्करवाले म्हणाले, "तिथे काप," तू कापलंस. मी नाही कापणार. तो सिनेमा कपाटात कुजवेल म्हणतोय. कुजवू दे.

पण संताचं तुझं बोलणं खरं आहे, आणि तेच टोचतंय. मग करू काय? तिला भित्री दाखवू? ती भित्री नव्हतीच ना. ती गेली, तूच सांगितलंस. मला तुझ्या त्या मैत्रिणीला भेटायचंय. त्या साडेपाच तासांत तिने घरात काय केलं, तिच्या तोंडून ऐकायचंय. नाव-पत्ता पाठव. नाताळला येते तेव्हा तिच्याकडे आपण दोघी जाऊ.

नोएमी

---

ग्वालेग्वाइचू
१५ डिसेंबर १९८६

नोएमी,

ती वारली. नाताळला येऊ नकोस. घरात रंगकाम काढलंय.

सेन्सॉरचं लिहिलंस ते खरंच आहे. राग नाही.

तिने मला सांगितलेलं थोडं आठवतंय ते लिहिते. हवं तर घे, नको तर टाक. फोन तिने चुकून उचलला. आवाज ओळखीचा निघाला. तिने हाताने तोंड दाबलं, तरी पलीकडून विचारलं गेलं, "लाइनवर कोण आहे?" मग तो हसला आणि पत्ता सांगत राहिला. ती डोकं दुखतंय म्हणून एक वाजता घरी आली. बटाटे-बिटाटे काही सोलले नाहीत. दाराला आतून कडी घातली आणि धुऊन वाळलेली चादर परत धुवायला घेतली. तीनला बाहेरचे बूट घातले. बंद बांधले. मग बसून सोडले. पुन्हा बांधले. बांधताना ती मनाशी म्हणायची, "आपण गेलो आणि आपल्यालाच पकडलं तर?" सोडताना म्हणायची, "मी फोन उचललाच नसता तर?" शेजारीण मीठ मागायला आली, तर तिला बसवून घेऊन अर्धा तास तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकल्या. आयुष्यात कधी ऐकल्या नव्हत्या.

तिला जायचं नव्हतं, पोरी. एवढंच तुझ्या सिनेमात नाही.

मावशी

---

ब्वेनोस आयरेस
६ जानेवारी १९८७

मावशी, माझी गुणाची मावशी,

सगळं माफ! तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात ब्लांकाला, म्हणजे माझ्या डेलियाला, परत बोलावलं आणि एका दिवसात तो प्रसंग नव्याने घेतला. "लाइनवर कोण आहे?" घेतलं. चादर घेतली. बूट घेतले. नऊची अकरा मिनिटं झाली, आणि कॅमेऱ्यामागे कोणी खोकेना. दुसऱ्यांदा बंद सोडले तेव्हा मेकअपवाली पुटपुटली, "अगं ऊठ ना, बये!" आता कळलं मला. भीती घड्याळात नसते, आणि नुसत्या बाईच्या चेहऱ्यातही नसते. ही बाई काय करेल हेच आपल्याला माहीत नाही, भीती तिथे असते. तुझ्या दोन ओळींनी मला जे शिकवलं ते चार वर्षांच्या कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

ओलासाबालने काल पाहिलं. गंमत म्हणजे मोज्यावर ओरडणारा माणूस या वेळी गप्प. फोनचा प्रसंग त्याने परत लावायला सांगितला. मग विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी फुशारकीने म्हटलं, "माझ्या मावशीने. एलिदा फेरेयरा, तुमच्याकडेच होती." त्याला ठाऊकच नव्हतं तू माझी मावशी. तो हसला. म्हणाला, "एलिदाला अजून सगळं आठवतं वाटतं. तिला म्हणावं, या वयात जपून राहावं. कधीतरी ग्वालेग्वाइचूला येऊन भेटेन." बघ, एवढाही वाईट नाही तो.

आज सकाळी मात्र चिठ्ठी आली: फोनपासून बुटांपर्यंत सगळं काढायचं, दीड मिनिटसुद्धा ठेवायचं नाही. मी नाही काढलं तर तो स्वतः काढेल. सिनेमाचं मूळ निगेटिव्ह त्याच्या तिजोरीत आहे. मी चिठ्ठीच्या मागे "नाही" लिहून ती परत पाठवली.

तुझी,
नोएमी

---

ग्वालेग्वाइचू
१४ जानेवारी १९८७

नोएमी,

बसून वाच.

तो निरोप म्हणजे माझ्या तब्येतीची चौकशी नव्हे.

मैत्रीण नव्हती. ऑपरेटर नव्हती. मास्तर नव्हते. लॅब होती. आमच्या लॅबमध्ये निगेटिव्ह जोडायला एक बाई होती, इर्मा किरोगा. वय एक्केचाळीस, हात असे, की तिने मारलेला जोड भिंगातूनही दिसायचा नाही. कामगारांच्या वतीने मालकाशी बोलायची ती. आमच्या सगळ्यांच्या वाट्याचं बोलायची, कारण आम्ही बोलत नव्हतो. ओलासाबाल तेव्हा मॅनेजर होता.

सत्त्याहत्तरच्या जूनमधला मंगळवार. मी दातांच्या डॉक्टरला फोन करायला रिसीव्हर उचलला. आमच्या खोलीचा आणि मॅनेजरचा फोन एकाच लाइनवर. तो कोणाला तरी इर्माच्या घराचा पत्ता देत होता. "आज रजेवर आहे, बहिणीकडे गेलीय. सहाला परत येईल." पुढचं तू शूट केलंच आहेस. चादर माझी, बूट माझे.

पावणेसहाला मी घरातून निघाले. बसमधून एक थांबा आधी उतरले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे, तिथे उभी राहिले. आत जाऊन पाव घेतला, म्हणजे उभं राहायला कारण झालं. इर्मा समोरून गेली. मला दिसली. तिला मी दिसले नाही. मी हाक मारली नाही. गाडी आली. सहा वाजून वीस मिनिटांनी मी घरी जाणारी बस पकडली.

इर्मा परत आली नाही. तिची बहीण ओफेलिया तिच्याच घरात राहून तिला अजून शोधतेय. मी त्यानंतर आठ वर्षं त्याच माणसाच्या हाताखाली काम केलं. त्या नाताळला कोणीतरी विचारलं, "तुमच्या ओळखीत असं काही झालं होतं का गं?" आणि माझ्या तोंडून गोष्ट निघाली, शेवट बदलून. तू डोळे मोठे करून ऐकत होतीस. मग ती परत गिळता आली नाही.

तुला काप म्हणाले ते आधी सिनेमासाठी नव्हे, भीतीने. मग बूट लिहून पाठवले. ते का, मला ठाऊक नाही. हात लिहीत गेला.

यंदा नाताळच्या तोंडावर सरकारने लष्करी राजवटीतल्या गुन्ह्यांबद्दल कायदा केला, तू वाचलाच असशील. साठ दिवसांत ज्याला कोर्टाने बोलावलं नाही तो कायमचा सुटला. इर्माच्या प्रकरणात कोणाचंच नाव नाही. नाव फक्त मला ठाऊक आहे. पण मी तोंड उघडलं तर तुझं निगेटिव्ह तो जाळेल. तुझी चार वर्षं आहेत त्यात. म्हणून सिनेमा लागेपर्यंत मी गप्प राहायचं ठरवलंय. तू कापायला तयार हो, निगेटिव्ह हातात घे. मग बघू.

एलिदा

---

ब्वेनोस आयरेस
२४ जानेवारी १९८७

मावशी,

आठवडाभर मला तुला काय म्हणून हाक मारावी तेच सुचेना. चार वेळा पत्र सुरू केलं. एकात तुला खूप वाईट बोलले. ते फाडलं. पण बोलले हे तुला कळू दे.

सिनेमा लागेपर्यंत? सिनेमा मे महिन्यात लागणार आणि मुदत फेब्रुवारीत संपणार. तुला मोजता येतं. मावशी, तू परत बूट सोडते आहेस. आणि या वेळी माझ्या सिनेमाच्या आड बसून सोडते आहेस. मी तुला माझा आडोसा देणार नाही. तीस वर्षं तू इतरांचे सिनेमे वाचवलेस. माझा वाचवायला तुला कोणी सांगितलं? जळू दे!

आता ऐक. "श्रेयनामावली दुसऱ्या लॅबमध्ये करायचीय" असं सांगून मी निगेटिव्ह मागितलं. त्याने नाही म्हटलं. मग त्याच्या सेक्रेटरीसमोर, दोन पाहुणे बसलेले असताना, हसत विचारलं, "लपवण्यासारखं काय आहे त्यात, साहेब?" नऊपैकी सात डबे मिळाले. ब्लांकाने आणि मी टॅक्सीत मांडीवर घेऊन नेले. उरलेल्या दोनांत फोन आहे आणि ती अकरा मिनिटं. ते तो देणार नाही. माझ्याकडे त्यांची संकलनासाठी काढलेली कामाची कॉपी आहे, चरे पडलेली, खडूच्या खुणांची.

मी इर्माच्या बहिणीचा पत्ता काढलाय. तिला अजून काही बोलले नाही. ते तुझं काम आहे.

ये. मी बसस्टँडवर उभी राहीन. मावशीच म्हणेन तुला. पण ये.

नोएमी

---

ग्वालेग्वाइचू
३ फेब्रुवारी १९८७

नोएमी,

गुरुवारची सकाळची बस. साडेबाराला पोचते.

काल रस्त्यात एक परकी गाडी दोन तास उभी होती. कार्निव्हलला आलेली माणसंही असतील. मी खिडकी उघडली, खुर्ची ओढली आणि ती जाईपर्यंत तिच्याकडे बघत बसले. नंबर लिहून घेतला. तो तोर्रेसकडे आणि त्याच्या बायकोकडे दिलाय, म्हणजे आता सगळ्या गावाकडे आहे.

आधी कोर्ट. मग एक दिवस मला तुझं एडिटिंग टेबल मोकळं हवं. शेवटच्या रिळात काम आहे.

मावशी

---

ग्वालेग्वाइचू
१० मार्च १९८७

नोएमी,

घरी पोचले. मी तुझ्याकडे होते तेव्हा आपण कामाचंच बोललो, म्हणून हे लिहून सांगते.

कोर्टात तू दाराबाहेर होतीस. आत कारकून दोन बोटांनी टाइप करत होता. चार तास लागले. त्याने विचारलं, "हे सगळं ऐकल्यावर तुम्ही काय केलंत, बाई?" मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "म्हणजे घाबरून गेलात, असं लिहू?" मी म्हटलं, "कारण लिहू नका. काही केलं नाही, तेवढंच लिहा. आणि त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा."

ओफेलियाला व्हरांड्यातच सांगितलं, बाकावर. ती रडेल, मारेल, काय वाटेल ते करेल, अशी मनाची तयारी केली होती. तिने एकच विचारलं, "कोणत्या बेकरीपाशी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तिथून मी रोज पाव आणते." आणि उठून गेली.

मुदतीच्या दोन दिवस आधी ओलासाबालला समन्स निघालं. त्याने त्याच दिवशी तुझे दोन डबे पाण्याने खराब झाल्याचं कळवलं. त्याची तिजोरी आहे त्या तळघरात पाणी कधी शिरलं नाही, मी तीस वर्षं पाहिलंय. तू रडलीस. मी म्हटलं चरे पडलेली कॉपीच जोड, तेव्हा तू म्हणालीस, "लोक हसतील." हसू देत. एकदा हसतील, मग विसरतील. बाई बूट बांधत असताना चऱ्याकडे बघायला कोणाला फुरसत आहे?

शेवटाबद्दल तू अजून धुसफुसते आहेस, ठाऊक आहे. तू शूट केलेलं सुंदर होतं: डेलिया धावते, दार वाजवते, दार उघडतं, मास्तर, मिठी. मी तिचा हात दारासमोर उचललेला असताना कापलं. दार नाही, मास्तर नाहीत. तू म्हणालीस, "लोक खुर्च्या फेकतील. ती पोचली की नाही तेही कळत नाही." पोचली दाखवलं तर मी खोटं बोलले. नाही पोचली दाखवलं, तर उद्या कोणा दुसरीला वाटेल, आपणही काय पोचणार. मी जन्मभर दुसऱ्यांनी बोट ठेवलं तिथे कापलं, नोएमी. ही एक जागा माझी आहे. इथे कोणाचं ऐकणार नाही, तुझंही नाही.

मावशी

---

ब्वेनोस आयरेस
३० ऑगस्ट १९८७

मावशी,

एवढ्या खटपटीनंतर का होईना, शेवटी काल लागला सिनेमा. कोणी मोठं थिएटर देईना. ओलासाबालचा हात अजून लांब आहे. ज्याने दिलं त्याच्या खुर्च्या तुटक्या आणि हीटर बंद. तुला ताप होता म्हणून चुकलं. पुढच्या वेळी तापासकट उचलून आणीन.

अकरा मिनिटं सुरू झाली. पडद्यावर चऱ्यांचा पाऊस. पुढच्या रांगेत दोन पोरी खिदळल्या. मग डेलियाने चादर परत बादलीत घातली, आणि त्या थांबल्या. पहिल्यांदा बंद सोडले तेव्हा कोणीतरी नुसतंच "च्" केलं. दुसऱ्यांदा सोडले तेव्हा माझ्या मागचा एक म्हातारा बायकोला म्हणाला, "मी पण नसतो गेलो." बायको म्हणाली, "गप्प बसा." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी पण नसते."

आणि शेवट. डेलिया दाराशी आली, तिने हात उचलला आणि पडदा काळा. मग बाल्कनीतून एक बाई ओरडली, "वाजव ना गं!" लगेच खालून आणखी एक, मग पाच-सहा, मग मोजता येईनात. "वाजव! वाजव!" दिवे लागले तरी ओरडत होते. एकाने खरंच पुढच्या खुर्चीची पाठ ठोकायला सुरुवात केली. तू जिंकलीस. एवढंच लिहिते, जास्त डोक्यावर चढू नकोस.

ओलासाबाल दोनदा कोर्टात आला. दोन्ही वेळा म्हणाला, म्हातारीला भ्रम झालाय. आता न्यायाधीशांना तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून विचारायचंय. तारीख अकरा सप्टेंबर.

ओफेलिया आली होती. शेवटच्या रांगेत, दाराशी. लोक ओरडत होते तेव्हा ती एकटी बसून होती. सगळे गेल्यावर माझ्याकडे आली. मी काहीतरी बोलायला गेले, तिने हाताने थांबवलं. म्हणाली, "तुमच्या मावशीला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. हे तिला नीट सांगा." मी म्हटलं, "सांगते." मग पर्स उघडून त्यात बघत, जणू काही शोधतेय असं, म्हणाली, "अकरा तारखेला मी तिच्या शेजारी बसणार आहे. तो माणूस आत येईल तेव्हा ती त्याला एकटी दिसायला नको. चालेल का तिला, विचाराल?"

मी तुला न विचारताच हो म्हटलं.

नोएमी